उघडं लोखंड

तात्या सारंगाला उघडं लोखंड बघवायचं नाही. काही माणसांना उष्टं ताट तसंच पडलेलं खपत नाही, तसं त्याचं. रहाटाचा आकडा असो, खिडकीचा गज असो, कुणाच्या सायकलीचा मडगार्ड असो, गंजाचा एक ठिपका दिसला की तात्याची बोटं शिवशिवायला लागायची. मग घरातून तारेचा ब्रश यायचा, पॉलिशपेपर यायचा आणि मागाहून तो शेंदरी रंगाचा डबा. आधी खरवडायचं, मग शेंदरी हात द्यायचा, तो वाळला की दुसरा. मधे कुणी काही विचारलंच तर "लोखंड उघडा सोडूचा नाय" एवढंच बोलायचा आणि परत कामाला लागायचा. घासलेलं लोखंड चकाकताना बघून बाकीच्यांना बरं वाटतं. तात्याला ते नागवं पोर थंडीत सोडल्यासारखं वाटायचं.

सारंग हे काही त्याचं आडनाव नव्हे. बोटीवरच्या खलाशांचा जो मुकादम, तो सारंग. तात्याची सगळी उमेद मालवाहू बोटींवर गेली. खारं पाणी बोट खात राहतं आणि खलाशी ती खरवडून रंगवत राहतात. या टोकाला सुरुवात करून त्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत गंजलेलं. हे सगळं त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की एखादी बोट मला दिली असती तर मी एकटीने रंगवली असती. नोकरी संपवून तो कायमचा घरी आला, पण हात काही बोटीवरून उतरले नाहीत.

आमची वाडी मालवणहून देवगडकडे जाताना खाडीच्या तोंडाशी. पुढे समुद्र, मागे सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान, आणि सड्यावरून खाली वाडीत उतरणारी एकच एक घाटी. माझी पिठाची गिरण तात्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून. नवऱ्याने सुरू केली, तो गेल्यावर मी चालवली. पट्ट्याच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी असं वाडीत म्हणतात. म्हणोत बापडे. तात्याने मात्र माझी बोलणी पुष्कळ खाल्ली आणि कधी तोंड वर करून उत्तर दिलं नाही.

एकदा मी कुडाळच्या बाजाराला गेले होते. संध्याकाळी येऊन बघते तो गिरणीतली माझी सगळी वजनं पायरीवर ओळीने वाळत बसलेली. शेंदरी! छोटी, मोठी, सगळी. मी पिशवी टाकली आणि गडग्यावरूनच सुरू झाले. वजनावर रंग चढला की वजन वाढतं, मापं तपासणारा साहेब आला तर मला धरून नेईल, तुला काय अक्कल आहे की नाही. तात्याला पटेना. रंगाला कसलं आलंय वजन? शेवटी काकी बाहेर आली आणि तिने नवऱ्याला तिथल्या तिथे बसवून सगळी वजनं खरवडायला लावली. म्हणाली, नाहीतर मारुतीच्या देवळात नेऊन ठेव, निदान तेल तरी मिळेल त्यांना. उघडी वजनं माझ्या हातात देताना तात्याचा चेहरा असा उतरला होता, की भांडण माझं असून वाईटही मलाच वाटलं.

काकी म्हणजे आनंदीकाकी, तात्याची बायको. बारकीशी, सावळी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, आणि छातीत दमा. एक वाक्य बोलायला ती दोनदा थांबायची आणि त्या थांबण्यात समोरच्याची फिरकी घ्यायची. मूलबाळ नाही. अख्खा संसार नवरा बोटीवर आणि ही खिडकीत. लोक विचारायचे, आता तात्या घरी आले, बरं वाटत असेल ना? ती म्हणायची, "जल्मभर माका… खिडकेत बसवल्यान, आणि आता येवन… त्या खिडकेक रंग मारता." पण तात्या मळलेल्या हातांनी अंगणात दिसला नाही तर तिला चैन पडायचं नाही हे आम्हाला ठाऊक होतं. दोघांनी लग्नानंतरची सगळी वर्षं जी वाट बघितली होती, ती आता कुठे संपली होती.

तात्या घरी आला त्याच पावसाळ्यात काकीचा दमा उठला. पावसात आमची घाटी म्हणजे ओहोळच. टॅक्सीवाला वरून खाली उतरायचा नाही, बैलगाडी चढायची नाही. खुर्चीला बांबू बांधून माणसांनी तिला वर नेलं. मी मागून चालत होते. तात्या खुर्चीच्या बाजूने छत्री धरून चालत होता. काकीचे ओठ काळेनिळे पडलेले, गळ्याची शीर ताठ, आणि हा फक्त छत्री धरून. डोंगराएवढ्या बोटीवर पोरांना हुकूम सोडणारा माणूस, त्याच्या हाताला त्या दिवशी छत्रीपलीकडे काही काम नव्हतं. काकी वाचली. तात्या तिला घेऊन खाली आला. पाऊस सरला तसा गोव्याला गेला आणि आला तो गाडी घेऊन.

गाडी म्हणजे काय गाडी! जीपची थोरली श्रीमंत बहीण म्हणा. विलायती, गर्द हिरवी, कुठल्याशा खाणवाल्याने वापरून कंटाळलेली. आत चामड्याच्या सीटा, पुढे लाकडी पट्टीत बसवलेलं घड्याळ, बटण दाबलं की काच आपोआप खाली. आमच्याकडे तोवर आपोआप खाली येणारी गोष्ट म्हणजे नारळ. अख्खी वाडी बघायला लोटली. तात्याला त्या सीटांचं नि घड्याळाचं काही नव्हतं. तो चाकांजवळ उभा राहून येईल त्याला एकच सांगत होता, की साध्या गाडीची मागची दोन चाकं ओढतात, हिची चारी ओढतात. "घाटी चढतली. पावसात चढतली." काकीला पावसात डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, त्यासाठी ती गाडी होती. दुसरं काही काम तिला नव्हतं.

काकीने तिचं नाव ठेवलं धाकटी. सवत आणलीस ती आणलीस, तीही म्हातारी, असं नवऱ्याला म्हणाली.

रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की काकी पडवीत बसायची आणि तात्या गाडीत बसून किल्ली फिरवायचा. कुठे जायचं नसायचंच. नुसती लागते का ते बघायचं. त्या वेळी मीसुद्धा गिरणीचा खटका दाबायची थांबायचे. गाडी लागली की काकी उठून चुलीकडे जायची. नाही लागली तर तात्या बॉनेट उघडून, हात पाठीमागे बांधून आत बघत उभा राहायचा. इंजिनातलं त्याला ठीकठाक समजायचं. वायरींचं काही म्हणजे काही समजायचं नाही.

आणि सगळं दुखणं वायरींचंच. डावीकडे वळायचा दिवा लावला की उजवीकडचाही मिचकायचा. ब्रेक दाबला की मागे भलतेच दिवे मिणमिणायचे. काच खाली घेतली की घड्याळ थांबायचं. भोंगा तर कधी खणखणीत, कधी घसा बसलेला. आणि कधी कधी किल्ली फिरवली की आतून नुसतं टक् व्हायचं, आणि गप्प. काकी पडवीतून म्हणायची, "हिकापण… दमो आसा गो."

माझ्या गिरणीच्या मोटरीला मालवणहून अंतोन यायचा. ट्रक-टेम्पोंचं वायरिंग हा त्याचा मूळ धंदा, मोटरी वगैरे ओळखीपाळखीत. चाळिशी उलटलेला, अंगाने आडवा, खिशात कायम दोन वायरी जोडलेला बल्ब. त्या बल्बाने तो गाडीची नाडी बघायचा. मी त्याला तात्याकडे नेलं. पहिल्याच दिवशी गाडीच्या पोटात डोकं घालून तो बराच वेळ आत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "सायबा! हिची वायर खंयसून येता आणि खंय जाता, ता तुकाच ठावक." पण माणूस प्रामाणिक. मोडकं सोडून जायचा नाही. एकेक वायर धरून पुढे सरकायचा, कुठेतरी लोखंडाला बांधलेलं टोक ढिलं झालेलं सापडायचं. खाऱ्या वाऱ्याने जागा खाल्ली म्हणायचा, ती सोडून शेजारी नवीन जागा बघायचा, तिथला रंग खरवडून लोखंड चांदीसारखं करायचा आणि वायरीचं टोक तिथे नटाने आवळायचा. लगेच दिवे लख्ख, भोंगा खणखणीत. काकी त्याला बांगड्याचं तिखलं वाढायची. तो पोटभर जेवायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा.

एसटी गेली की तात्याची पाळी. अंतोनने काय काय केलं ते बघायला तो बॉनेट उघडायचा आणि प्रत्येक वेळी त्याच्या जिवाला घोर लागायचा, कारण नटाच्या खाली लोखंड उघडं. घासलेलं, चकाकणारं, आणि रंगाचा थेंब नाही. समुद्र हाकेवर असताना! मला बोलवून दाखवायचा. "कारागीर बरो आसा. पण शेवट करूक येणा नाय तेका." मी म्हटलं, मग सांग की त्याला. तर नाही. एवढ्या लांबून येतो, जीव ओतून करतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. आपण गुपचूप पुरं करायचं. मग तो नट सोडवायचा. वायरीच्या टोकाला, नटाखालच्या चकतीला, लोखंडाला, सगळ्याला शेंदरी हात. वाळला की दुसरा. मग परत नीट आवळून ठेवायचं. हे काम तो इतकं निगुतीने करायचा की काकी म्हणायची, माझ्या कपाळाला कुंकूसुद्धा ह्याने कधी असं लावलं नाही. मी ते बघितलं, काकीने बघितलं, वाडीतल्या पोराबाळांनी बघितलं. तात्या रंग मारतोय यात बघण्यासारखं काय होतं?

थोड्या दिवसांनी परत टक्. परत मी मालवणला निरोप धाडायचा, परत अंतोन यायचा. घरात चिमट्यापासून चुलीवरच्या आकड्यापर्यंत सगळंच शेंदरी, त्यामुळे गाडीतले शेंदरी नट बघून त्याला नवल वाटायचं नाही. तो आपला नवीन जागा शोधायचा. असं करता करता गाडीच्या पोटात जिथे तिथे शेंदरी ठिपके झाले. आणि दोघांचेही चेहरे दिवसेंदिवस बारीक. अंतोन एकदा मला म्हणाला, गिरणीवाल्या बाय, मी हे काम सोडून देतो, माझ्या हाताला यश नाही. तात्या दुसऱ्या बाजूला म्हणायचा, विलायती गाडी, तिला आपलं पाणी मानवत नसेल. मृग जवळ येत चालला होता, आणि तो रोज आभाळाकडे आणि बॉनेटकडे आळीपाळीने बघायचा.

शेवटी देव उरला. वाडीतल्या लोकांनी गाडी ढकलत देवळासमोर नेली आणि गावकराने गाऱ्हाणं घातलं. नारळ पुढे ठेवून, हात जोडून: "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान चार चाकांचा वाहन दारात आणल्यान हा. तेच्यात जो काय उलटो-सुलटो करंट फिरता, तो बारा वाटांनी घालव, आणि माऊलीक येळार दवाखान्यात पावती कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे म्हटलं, व्हय म्हाराजा. अंतोनही म्हणाला. तो गळ्यात क्रूस घालणारा, पण सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता. काकी हसत होती. करंटाला बारा वाटा दाखवल्या तर तो आणखीनच बावचळेल, असं मला कानात म्हणाली.

देवाने ऐकलं असं वाटायला जागा होती. त्यानंतर गाडी बरेच दिवस रोज लागली. एकदा तर तात्याने काकीला मालवणला फिरवून आणली, मलाही मागे बसवलं. काकी पुढे, डोक्यात ताजी अबोली, काच खाली, वाऱ्यावर पदर. बाजारात लोक वळून वळून बघत होते. तिने काही घेतलं नाही. बंदरावर गाडी उभी करून दोघं नुसती समुद्राकडे बघत बसली. हिने इतकी वर्षं ज्या समुद्राकडे एकटीने बघितलं, तोच समुद्र. येताना काच वर जाईना, तर काकी म्हणाली, राहू दे उघडीच. संसाराची गंमत तिने तेवढीच बघितली असं मला अजून वाटतं.

आषाढात लावणी चालली होती. माणसं शेतात. सकाळी काकी तुळशीजवळून आली ती खांब धरून उभी राहिली. मी गडग्यावरून बघितलं आणि गिरण तशीच टाकून धावले. तात्याने तिला उचलून गाडीत ठेवलं, मी मागे बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. किल्ली फिरवली, टक्. परत फिरवली, टक्. तात्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. तिसऱ्यांदा गाडी लागली. आणि चढली हो! त्या ओहोळातून, दगडांवरून, चारी चाकांनी माती उडवत ती घाटी चढली. शेतातली माणसं कमरेत वाकलेली होती ती ताठ होऊन बघायला लागली. तात्या आरशातून काकीकडे बघून म्हणाला, "बघलंस?" काकीने मान हलवली. तेवढं तिने नक्की बघितलं.

सड्यावर आलो आणि पाऊस कोसळला. सड्यावर पाऊस आडवा येतो, त्याला अडवायला झाड नाही की घर नाही. तात्याने वायपर लावले, दिवे लावले. थोडं पुढे गेलो असू. वायपर मंदावले, अर्ध्या काचेवर थांबले. दिवे गेले. इंजिन एकदा गचकलं आणि बंद. मग काहीच नाही. टक् सुद्धा नाही.

तात्या उतरला. बॉनेट उघडलं. मी काच पुसून बघत होते. तो एकेक नट हाताने चाचपत होता. सगळे घट्ट. कुठे काही सुटलेलं नाही, कुठे काही गंजलेलं नाही, सगळं शेंदरी, गुळगुळीत, नीट. काय दुरुस्त करणार? तो खिडकीशी आला. डोक्यावरून पाणी वाहत होतं. "सगळा बरा आसा गो, शालू," मला म्हणाला. "सगळा बरा आसा." इतका लाचार माणूस मी बघितला नाही. परत बॉनेटकडे गेला, परत आला, परत किल्ली फिरवली. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर मारायला लागला. काकीने डोळे उघडले. श्वासाला पुरेसा वारा मिळत नव्हता तिला, त्यातून तिने शब्द काढले.

"मारू नको तिका… दमली ती… बसांदे जरा."

ते तिचं शेवटचं बोलणं. खताच्या गोणी घेऊन येणारा एक ट्रक कधीतरी आला, त्यातून आम्ही तिला मालवणला नेली. डॉक्टरांनी नळी लावली, सुई दिली. काकीने डोळे उघडले नाहीत. जरा आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. पण तात्या तिथे उभा होता आणि त्याने ते ऐकलं.

गाडी लोकांनी ढकलून घाटीपर्यंत आणली आणि तिच्याच वजनाने खाली उतरवली. तेरावं झाल्यावर अंतोन आला. पडवीत बसून खूप रडला. तात्या रडला नाही, त्याने अंतोनला पाणी दिलं आणि खाडीकडे निघून गेला. अंतोनला काही बसवेना. तो उठला, गाडीकडे गेला, आणि थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. आवाज असा होता की मी चाळण हातात घेऊनच गेले.

या वेळी त्याने नवीन जागा शोधली नव्हती. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला बांधलेली जाड विणलेली पट्टी होती, तिचा जुनाच नट त्याने सोडवला होता. पट्टीच्या टोकाखाली रंग. जाड, गुळगुळीत, शेंदरी. मग त्याने बाकीचे नट सोडवून दाखवले. प्रत्येकाखाली तसाच. हळू आवाजात त्याने मला समजावलं. गाडीत बॅटरीतून दिव्याकडे वायर जाते, पण परत यायला वेगळी वायर नसते. करंट गाडीच्या लोखंडातूनच परत येतो. म्हणून जिथे वायर लोखंडाला टेकते तिथे लोखंड उघडंच लागतं. मध्ये रंग आला की वाट बंद. नटाच्या आट्यांतून थोडाफार जाईल, तेवढ्यावर ती इतके दिवस चालली. पावसात वायपर, दिवे, सगळंच एकदम मागायला गेलं तेव्हा संपलं.

"हे कोणी केल्यान?" त्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "मी." तात्या कधी येऊन उभा राहिला होता ते आम्हाला कळलं नाही. डोकं भादरलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. "उघडा सोडलेलंस तू. म्हणान मी रंग मारलंय." मग जरा थांबून म्हणाला, "कित्याक? मारूचो नाय हुतो?"

अंतोनने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"रंगाचा काय नाय, तात्यानू," अंतोन म्हणाला. "गाडी म्हातारी झाली. खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान तिका."

देव त्याला खोटं बोलल्याची शिक्षा न करो. पण तात्याने आयुष्यभर माणसांकडून कामं करून घेतली होती. कोण खरं बोलतो आणि कोण झाकतो हे त्याला तोंडावरून कळायचं. तो खाली वाकला, सुटलेली पट्टी उचलली, तिच्या टोकावरचा रंग अंगठ्याने चोळून बघितला, आणि अंतोनच्या हातात दिली.

"घास."

अंतोन नको नको म्हणत होता. गाडी आता कशाला, राहू दे, पुढच्या खेपेला बघू. तात्या हलला नाही. मग अंतोन बसला आणि सगळी टोकं, सगळ्या जागा, रंग काढून उघड्या केल्या. सगळं परत आवळून झालं तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. पावसाची उघडीप होती. तात्या गाडीत बसला आणि रोजच्यासारखं त्याने एकदा पडवीकडे बघितलं. मग किल्ली फिरवली.

एका फटक्यात लागली. इतक्या दिवसांत कधी लागली नव्हती अशी. तात्याने दिवे लावले, ते लख्ख. वायपर लावले, ते कोरड्या काचेवर सपासप फिरायला लागले. डावीकडचा दिवा, फक्त डावीकडचाच. काच खाली केली, वर केली, घड्याळ चालूच. शेवटी त्याने भोंगा दाबला आणि दाबूनच ठेवला. वाडीतली माणसं घराबाहेर आली, त्यांना वाटलं कोण आणखी आजारी पडलं. मी दोन्ही कान झाकून घेतले. अंतोन मातीत बसला होता.

मग तात्याने एकेक करून सगळं बंद केलं. उतरला. अंतोनजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेवट तुझो बरोच हुतो रे, अंतोन."

तेवढंच. त्याने कुणाला दोष दिला नाही, स्वतःलाही तोंडाने दिला नाही. दिला असता तर आम्ही समजूत तरी घातली असती. तू काय मुद्दाम केलंस का, तुला काय ठाऊक, तिचं आयुष्य तेवढंच, असं जे लोक बोलतात ते सगळं आमच्या तोंडात तयार होतं. त्याने बोलायची संधीच दिली नाही.

शेंदराचा डबा मात्र त्याने त्यानंतर उघडला नाही. पहिल्या पावसाळ्यात खिडकीचे गज तांबडे झाले. रहाटाचा आकडा गंजला, चुलीवरचा आकडा गंजला, फाटकाची बिजागरी कुरकुरायला लागली. मला बघवेना. एक दिवस मीच ब्रश घेऊन गेले, म्हटलं, सांग कसा मारायचा हात, मी मारते. त्याने ब्रश माझ्या हातातून घेतला आणि पडवीत ठेवला.

तो दुसरंच काही करायचा. सकाळी तुळशीला पाणी आता तोच घालायचा, आणि मग बॉनेट उघडून ती पट्टी सोडवायचा. टोकाखालची तळहाताएवढी जागा रात्रीत तांबूस झालेली असायची. समुद्र हाकेवर, दुसरं काय होणार? तो पॉलिशपेपर घेऊन बसायचा आणि लोखंड चांदीसारखं होईपर्यंत घासायचा. मग पट्टी परत आवळायचा. दुसऱ्या दिवशी परत. गाडी चालवायला म्हणून त्याने परत काही ती काढली नाही. बॅटरी केव्हाच मेली, टायर मातीत बसले, चामड्याच्या सीटा उंदरांनी खाल्ल्या. अंतोन मालवणहून अधूनमधून यायचा, गाडीकडे न बघता पडवीत बसून जायचा.

पुढे वर सड्यावर नवी गिरण झाली, माझ्याकडे दळण येईना. कुडाळला बहीण होती, तिच्याकडे कायमचं जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी पिशव्या घेऊन मी तात्याच्या अंगणातून गेले. तो बॉनेटखाली वाकलेला होता. खूप वाळला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी म्हटलं, तात्या, येतंय हां. तो वर झाला, माझा आवाज कुठून येतो ते बघितलं आणि मला हाताने जवळ बोलावलं.

"शालू, बघ गो," तो म्हणाला. "माका दिसना नाय. चकाकता मां?"

मी वाकून बघितलं. अख्खी गाडी गंजाने खाल्लेली, हात लावला तर पापुद्रे निघतील अशी. आणि मधोमध ती एवढीशी जागा, घासून घासून खोलगट झालेली. खरंच चकाकत होती.

"चकाकता, तात्या."

"मगे लागतली," तो म्हणाला आणि परत घासायला लागला.